उरलेले व्याख्यान

ऑक्टोबरची छाटणी झाल्यावर सहादूनाना कुटे यांच्याकडे पाहुणा आला, की त्याला चहा उशिरा मिळतो. नाना आधी त्याला बागेत नेतात. सायखेड्याला नदीच्या अलीकडे त्यांची दोन एकर द्राक्षे आहेत. छाटलेल्या काडीच्या डोळ्यातून नुकतीच बाहेर येऊ पाहणारी, कापसासारखी लव असलेली पालवी ते बोटाच्या टोकाने दाखवतात. तिला त्या भागात पोंगा म्हणतात. तो दाखवताना नानांचा आवाज आपोआप खाली येतो, झोपलेल्या मुलाच्या खोलीत शिरल्यासारखा.

‘‘बगा,’’ ते म्हणतात, ‘‘जागं झालं.’’

पन्नाशी ओलांडलेल्या, उन्हाने रापलेल्या या माणसाच्या आयुष्यात नवी पालवी पाहण्याइतका दुसरा आनंद नव्हता, असे म्हटले तर ते जवळजवळ खरे ठरेल. ‘जवळजवळ’ एवढ्यासाठी, की त्यांना सृष्टी नावाची एकुलती एक मुलगी आहे.

कुटे यांच्या घरात दिवेलागणीचा एक रिवाज होता. लंकाबाई, म्हणजे नानांच्या पत्नी, देवापुढे दिवा लावत. दिवा लागला की सृष्टी नानांसमोर येऊन बसे आणि तीर्थ घ्यावे तसा उजवा तळवा पुढे करी, डावा हात उजव्या कोपराखाली. नाना त्या तळव्यावर एक पांढरी गोळी ठेवत.

‘‘परसाद द्या, नाना.’’

‘‘कडू हाय, महाराजा.’’

‘‘देव बदला मग. गोड परसादाचा बघा एखादा.’’

गोळी अपस्माराची होती. सहा वर्षांची असताना सृष्टीला कडक ताप भरला, आणि नाशिकला नेताना वाटेतच तिला झटका आला. तो दवाखाना येईपर्यंत थांबला नाही. जीपमध्ये तिचे डोके मांडीवर घेऊन बसलेल्या लंकाबाईंना त्या रस्त्यावरचे एकही झाड नंतर आठवले नाही. मुलगी वाचली, चार दिवसांत घरी आली, आठव्या दिवशी अंगणात पळू लागली. त्यानंतरची वर्षे निर्वेध गेली. नाना त्या काळाविषयी बोलताना ‘आराम पडला व्हता’ असे म्हणत. एप्रिलच्या खरड छाटणीआधी बाग विसाव्याला सोडतात, तसा तो काळ त्यांना वाटे. मग तेराव्या वर्षी, शाळेच्या प्रार्थनेत हात जोडून उभी असतानाच, सृष्टी कोसळली. कोणी कांदा हुंगवला, कोणी चप्पल. पुढे नाशिकचे मेंदूविकारतज्ज्ञ, तपासण्या आणि ही गोळी.

गोळीने झटके थांबले. पण त्यांच्याबरोबर आणखीही काही थांबल्यासारखे झाले. लहानपणी सृष्टीची स्मरणशक्ती गावाच्या कौतुकाचा विषय होती. कोणाच्या बागेत कोणता वाण आहे, तो कोणत्या साली लावला, कोणाच्या लग्नात कोण रुसले होते, हे तिला विचारावे. आता एकोणिसाव्या वर्षी तिला शब्दासाठी थांबावे लागे. ‘आई, ती दे ना... ती, भांड्याची...’ म्हणत ती हवेत हात फिरवी आणि लंकाबाई घासणी पुढे करत. परिचारिकेच्या शिक्षणाला जायचे तिच्या मनात होते. पाठ होत नाही म्हणून तिने तो विचार स्वतःच सोडला. तक्रार केली नाही. शब्द सापडला नाही की ती हसे. त्या हसण्याकडे नाना पाहू शकत नसत. उठून बागेत जात.

तज्ज्ञांना त्यांनी एकदा विचारले होते, गोळी कमी होईल का म्हणून. ‘‘गोळी स्वतःहून बंद करायची नाही,’’ डॉक्टर म्हणाले होते. त्यांच्या दाराबाहेर रुग्णांची रांग होती. नानांचा प्रश्न ‘कमी’चा होता आणि उत्तर ‘बंद’चे मिळाले, ही गोष्ट नाना पुष्कळ दिवस मनात घोळवत राहिले.

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, अपस्माराच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी नाशिकला एका वाचनालयाच्या सभागृहात व्याख्यान होते. वक्त्या डॉ. आभा गायधनी. त्या मूळच्या पंचवटीतल्या, पौरोहित्य करणाऱ्या घरातल्या. अनेक वर्षे प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूवर संशोधन करून नाशिकला परतलेल्या. नाना एकटेच गेले. छाटणी होऊन डोळे फुटण्याचे दिवस होते. लंकाबाई आणि सृष्टी बागेत थांबल्या.

व्याख्यानाच्या पूर्वार्धात डॉ. आभांनी सांगितले ते असे. मेंदूतील पेशींचा साठा जन्मापासून फक्त घटत जातो, अशी समजूत पुष्कळ काळ होती. पुढे प्राण्यांवरील संशोधनात आढळले, की कानाच्या आत खोलवर असलेल्या, वाटाण्याच्या शेंगेसारख्या वळलेल्या एका भागात मोठ्या वयातही नव्या पेशी जन्माला येतात. नवी आठवण धरून ठेवण्याचे काम मुख्यतः याच भागाचे. माणसात या पेशी किती जन्मतात, याविषयी मतभेद आहेत. परंतु मेंदूला इजा झाली, दीर्घ झटका येऊन गेला, तर उंदरांत तरी या पेशींच्या जन्माचा वेग काही काळ वाढतो.

‘‘या नव्या पेशींचे पुढे काय होते,’’ त्या म्हणाल्या, ‘‘हा खरा प्रश्न आहे. तो आपण चहानंतर घेऊ.’’

चहाचा कप हातात असतानाच नानांचा फोन वाजला. शेजारच्या बागेचे भिमाजी होते.

‘‘नाना, कुठं हायेत?’’

‘‘नाशकात. मेंदूवर भाषण हाय.’’

‘‘मेंदू ऱ्हाऊ द्या जाग्यावर. दिंडोरीकडून आभाळ काळं व्हत आलंय. पोंगा उघडा पडलाय तुमचा. डावणी बसली ना, मंग त्या मॅडमलाच बोलवा फवारायला.’’

ढगाळ हवेत कोवळ्या पालवीवर डावणी नावाचा रोग रात्रीतून पसरतो. फवारणीला उशीर म्हणजे वर्ष गेले. नानांनी कप खाली ठेवला. निघताना त्यांनी व्यासपीठाकडे वळून हात जोडले. तिकडे कोणाचे लक्ष नव्हते.

मोटारसायकलवरून सायखेड्याला येईपर्यंत त्यांच्या मनात विचाराची मांडणी पुरी झाली होती. ती मांडणी अडाण्याची नव्हती, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे. मुलीच्या मेंदूला इजा झाली. इजेनंतर नवी फूट येते, असे खुद्द संशोधक बाई सांगतात. मग ती फूट दिसत का नाही? कारण रोज संध्याकाळी तिच्यावर औषध पडते. द्राक्षबागेत वाढ आवरण्यासाठी वाढरोधक फवारतात. त्याने शेंडा थबकतो, पेरे आखूड राहते, पान गडद आणि सुस्त होते. सृष्टी सुस्त झाली होती, थबकली होती. गोळी ‘मेंदू शांत करते’ असे डॉक्टरांनीच सांगितले होते. शांत करणे म्हणजे रोखणेच. सहा वर्षे ती पोर वाढरोधकावर आहे, असा निष्कर्ष काढून नानांनी फवारणीचे यंत्र चालू केले, आणि बाग वाचवली.

गोळी एकदम थांबवू नये, हे त्यांना कळत होते. दिवाळीनंतर एका संध्याकाळी त्यांनी सृष्टीच्या तळव्यावर अर्धी गोळी ठेवली.

‘‘हे काय? देव कंजूष झाला?’’

‘‘डॉक्टरांचा फोन आला व्हता,’’ नाना म्हणाले. ‘‘आता कमी कमी करत जायची म्हने.’’

आतून लंकाबाई बाहेर आल्या. ‘‘खरं म्हनता?’’

‘‘मंग खोटं कशाला म्हनू?’’

लंकाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. वेलीला विचारून कोणी छाटणी करत नाही. मुलीला विचारावे, हे नानांच्या मनातही आले नाही. अर्धीची पाव झाली, पावाची काहीच नाही. तरी सवयीने दिवेलागणीला तळवा पुढे येईच. रिकाम्या हाताने पोरीला कसे परतवायचे, म्हणून नाना त्यावर घरचा एक बेदाणा ठेवू लागले.

‘‘बदलला देव,’’ सृष्टी म्हणाली आणि तोंड गोड झाल्याचे सोंग केल्यासारखे डोळे मिटले. सोंग नव्हते ते.

मग जे आठवडे आले, ते त्या घराने पूर्वी कधी पाहिले नव्हते. गोळीची गुंगी उतरली आणि शब्द परतले. सृष्टी पहाटे आपणहून उठू लागली. बागेत घडांची विरळणी करणाऱ्या बायकांच्या ओळीत ती शिरे आणि कात्री चालवता चालवता सगळ्यांची वंशावळ काढी. एकदा भिमाजी बांधावर उभे राहून आपल्या बागेचे वय सांगत होते.

‘‘अठरा सालची लागण हाय आमची.’’

‘‘सोळाची, मामा,’’ सृष्टी ओळीतून म्हणाली.

‘‘मला सांगती का तू? बाग माझी.’’

‘‘अठराला दुसऱ्यांदा लावली. सोळाची तुमच्या म्हशीनं खाल्ली. तिच्या नावानं तुम्ही तीन दिवस जेवला नव्हता. मामी सांगत होती, म्हशीवर जीव होता म्हणून मार पण दिला नाय. मामीला एवढं जपलं असतं तर, म्हणत होती.’’

बायका कात्र्या थांबवून हसल्या. भिमाजी टोपी सारखी करत निघून गेले. मांडवाच्या पलीकडच्या ओळीत नाना पाठमोरे उभे होते. त्यांनी एक घड हातात धरला होता आणि त्याचे काय करायचे ते विसरले होते. त्या संध्याकाळी सृष्टी म्हणाली, ‘‘नाना, मी पुढच्या वर्षी नर्सिंगला जाऊ का? जमेल असं वाटतंय.’’ नानांनी आणखी एक बेदाणा तिच्या तळव्यावर ठेवला.

डिसेंबरात, भर दुपारी, बागेत मणी फुगवण्यासाठी घड द्रावणात बुडवण्याचे काम चालू असताना ती पडली. हातातला द्रावणाचा मग उलटला. झटका सुरू झाला आणि थांबेना. एक बाई कांद्यासाठी पळाली. लंकाबाईंनी तिला ओरडून परत बोलावले आणि सृष्टीला कुशीवर वळवून धरले. भिमाजींनी आपली पिकअप बांधापर्यंत आणली. जो रस्ता तेरा वर्षांपूर्वी जीपने कापला होता, तोच पुन्हा. मांडीही तीच, डोकेही तेच. रुग्णालयात इंजेक्शनांना झटका दाद देईना. शेवटी तिला पूर्ण बेशुद्ध करून, श्वासाला यंत्र लावून तो थांबवावा लागला.

तज्ज्ञ अतिदक्षता विभागातून बाहेर आले.

‘‘गोळी चुकली होती का कधी?’’

‘‘चुकंल कशी?’’ लंकाबाई म्हणाल्या. ‘‘तुमीच तर बंद केली ना, सायेब. फोनवर.’’

‘‘मी?’’

डॉक्टरांनी नानांकडे पाहिले. नाना समोरच्या फरशीकडे पाहत होते. लंकाबाईंची नजर डॉक्टरांवरून नवऱ्याकडे यायला बराच वेळ लागला. त्यांना ती वळवायची नव्हती.

‘‘मंग त्यो फोन कुनाचा व्हता?’’ त्यांनी विचारले.

‘‘कुनाचाच नाय,’’ नाना म्हणाले.

सृष्टी वाचली. चालते, बोलते, जेवते, हसते. भिमाजींच्या म्हशीचे साल तिला आजही अचूक सांगता येते. पण दिवाळीनंतरचे काही तिच्यापाशी नाही, आणि नवे काही तिच्यापाशी टिकत नाही. सकाळी आलेला पाहुणा दुपारी पुन्हा आला तर ती त्याला नव्याने या म्हणते. तिच्या लेखी दिवाळी अजून परवाच झाली आहे. ‘‘आई, फराळ उरलाय का?’’ हा प्रश्न जानेवारीत आला, मार्चमध्ये आला. लंकाबाईंनी एकदा भर उन्हाळ्यात शंकरपाळे तळले आणि डब्यात भरून ठेवले, उत्तर देण्यापेक्षा ते सोपे म्हणून. ते आठवडे, ती विरळणीची ओळ, नर्सिंगला जाऊ का हा प्रश्न, हे सारे आता फक्त तिच्या आईवडिलांना आठवते. दिवाळीआधी तरी ती शब्द शोधत असे. आता आपण काही शोधत होतो, हेच ती विसरते.

गोळ्यांची पिशवी लंकाबाईंनी आपल्याकडे घेतली. नवऱ्याशी त्या कामापुरते बोलत. भांडण झाले ते मे महिन्यात, बागेत. एप्रिलच्या छाटणीनंतर नव्या काड्या वाढत सुटतात; त्यांचे शेंडे खुडावे लागतात, वाढरोधक फवारावे लागते. वाढ आवरली नाही, तर काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड तयार होत नाही. ही गोष्ट तिथे पोरासोरांनाही ठाऊक असते. दोघे ओळीच्या दोन बाजूंनी शेंडे खुडत होते.

‘‘दर साली ह्या दिवसांत शेंडा मारता,’’ लंकाबाई अचानक म्हणाल्या. त्यांचे हात थांबले नव्हते. ‘‘लगीन व्हऊन आले तवा मला तुमीच शिकिवलं. म्हनले, वाढंल त्येवढं चांगलं नसतंय. औशीद मारता. तवा कधी वाटलं नाय तुमाला, येलीचा जीव कोंडतोय म्हनून? मंग पोरीच्या येळंलाच कसं इसरला?’’

नानांनी हातातला शेंडा खुडला.

‘‘मला ती पयल्यासारखी पायजे व्हती.’’

‘‘आन् मला नको व्हती?’’

ओळीच्या शेवटापर्यंत दोघे शेंडे खुडत गेले. शेवटी पोचल्यावर लंकाबाई पाण्याला निघून गेल्या. नाना त्याच खांबाशी बसून राहिले. आपली चूक अज्ञानातून झाली, या विचाराचा त्यांना आतापर्यंत थोडा आधार होता. तो लंकाबाईंनी काढून घेतला होता. नानांना माहीत होते. तीस वर्षे त्यांच्या बोटांना माहीत होते.

त्याच आठवड्यात ते डॉ. आभांच्या घरी गेले. मोकळ्या हाताने कसे जायचे, म्हणून घरच्या कांद्यांची पिशवी बरोबर होती. डॉ. आभांना त्यांचा चेहरा आठवत नव्हता. नानांनी स्वतःची ओळख अशी करून दिली : ‘‘ऑक्टोबरात तुमचं भाषण व्हतं. मी चहापतूर व्हतो. उरलेलं ऐकायला आलोय.’’

मग त्यांनी सर्व सांगितले, काही न वगळता.

‘‘चहानंतर मी हे सांगितलं होतं,’’ डॉ. आभा म्हणाल्या, ‘‘की नवी पेशी जन्मली म्हणजे ती उपयोगाचीच असते असं नाही. दीर्घ झटक्यानंतर उंदरांत ज्या नव्या पेशी येतात, त्यांतल्या काही ठरलेली जागा सोडून भलतीकडे जातात. काही वेड्यावाकड्या फांद्या काढतात. नको तिथे जोडल्या जातात आणि एकमेकींना फार लवकर पेटवतात. अपस्मार घडण्यात त्यांचा वाटा असावा, असं आम्हाला वाटतं. काही प्रयोगांत अशा पेशी जन्मतानाच रोखल्या, तेव्हा झटके कमी झाले. थांबले नाहीत, कमी झाले. आणि माणसात हे असंच होतं का, ते अजून ठरलेलं नाही.’’

‘‘रोखल्या तवा कमी झाले,’’ नाना म्हणाले.

‘‘हो.’’

‘‘मंग गोळी रोखत व्हती का त्येंना?’’

‘‘नाही. तुम्ही समजलात तशी ती गोळी वाढ थांबवणारी नाही. मेंदूला एकदम पेटू देत नाही, एवढंच तिचं मुख्य काम. ती बंद झाली म्हणून झटका आला. एवढं मी खात्रीनं सांगू शकते. बाकीचं आम्ही शोधतोय.’’

नाना पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, ‘‘ती सहाची व्हती तवा पयला आला. मंग तेरापतूर काय नाय. त्या मधल्या वर्सांत...’’

‘‘तो काळ बाहेरून शांत दिसतो,’’ डॉ. आभा म्हणाल्या. ‘‘उंदरात काही आठवडे, माणसात काही वर्षं. आतमध्ये त्या वेळी नवी जुळणी चालू असते, असं मानतात. पुढचा आजार तेव्हाच आकार घेत असतो.’’

उन्हाळ्यात काडी नुसती हिरवी दिसते, आणि ऑक्टोबरात येणारा घड तिच्या डोळ्यात त्याच दिवसांत ठरतो. हे नानांना ठाऊक होते. मुलगी अंगणात पळत होती ती सात वर्षे त्यांनी आयुष्यातली सुखाची म्हणून जपून ठेवली होती. डॉ. आभांच्या बैठकीत बसून त्यांनी ती एकेक करून खाली ठेवली.

‘‘हे मी चहाआधी सांगायला हवं होतं,’’ डॉ. आभा हळूच म्हणाल्या.

‘‘तुमी सांगितलंच की. आभाळ आलं व्हतं. मी थांबलो नाय.’’

सृष्टीला सांगितले पाहिजे, असे त्यांनी परततानाच ठरवले. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर तिच्यासमोर बसून त्यांनी सांगितले : डॉक्टरांचा फोन आला नव्हता, गोळी आपण बंद केली, म्हणून तुझे असे झाले. ती नीट ऐकत होती. समज तिची शाबूत आहे.

‘‘मला का नाय विचारलं?’’ ती म्हणाली.

रागाची, रडण्याची, अबोल्याची नानांनी तयारी केली होती. या प्रश्नाची केली नव्हती.

‘‘माझं डोकं होतं ना ते, नाना?’’

‘‘व्हय. तुझंच.’’

ती उठून आत गेली. दुपारी त्यांच्या पंगतीला बसली नाही. नानांना त्याचेही बरे वाटले; तिच्या रागात ते तिच्यापाशी होते. तो उतरेल, मग आपण पुन्हा बोलू, ती कधीतरी माफ करेल किंवा करणार नाही, असे ते दिवसभर धरून चालले. दुसऱ्या सकाळी ती हसत ओट्यावर आली. ‘‘नाना, फराळ उरलाय का?’’

चार दिवसांनी ते पुन्हा तिच्यासमोर बसले, पण तोंड उघडण्याआधीच लंकाबाईंनी त्यांना आत बोलावून घेतले.

‘‘एकदा सांगितलंत ना? बास झालं.’’

‘‘तिला म्हाईत पायजे.’’

‘‘तिच्याकडं ऱ्हातंय व्हय ते? तुमचं वझं उतरवायला तिला दर वक्ताला नव्यानं मारू नका.’’

त्यानंतर नानांनी सांगितले नाही.

एक गोष्ट मात्र सृष्टी विसरलेली नाही. आठवणींचा भाग निकामी झाला तरी हातापायांच्या सवयी मेंदूत दुसरीकडे राहतात, असे डॉ. आभांनी त्या दिवशी सांगितले होते. दिवा लागला की तिचा तळवा पुढे येतो, डावा हात उजव्या कोपराखाली, आणि तो नानांकडेच येतो. गोळी लंकाबाईंकडे असते. त्या शेजारी येऊन ती तळव्यावर ठेवत. सृष्टी गोळीकडे पाही, मग नानांकडे, काहीतरी चुकल्यासारखी. हे टाळण्यासाठी नाना दिवेलागणीला बागेत जाऊन बसू लागले.

जूनच्या आरंभी एका संध्याकाळी ती त्यांना शोधत मांडवाखाली आली. खाली वाकून, काड्या बाजूला सारत, ओळीच्या शेवटी जुन्या खांबाशी बसलेल्या नानांपर्यंत पोचली आणि मातीतच समोर बसली. तळवा पुढे आला.

‘‘परसाद द्या, नाना.’’

मागून तांब्या घेऊन लंकाबाई आल्या होत्या. त्यांनी दोघांकडे पाहिले. मग मुठीतली गोळी त्यांनी नवऱ्याच्या हातावर ठेवली. डिसेंबरापासून पहिल्यांदा. तिथेच उभ्या राहिल्या, डोळे गोळीवर.

नानांनी ती अख्खी गोळी मुलीच्या तळव्यावर ठेवली. सृष्टीने तोंडात टाकली आणि तिचा चेहरा आक्रसला. तांब्यातले पाणी पिऊन झाल्यावरही ती ओठांवर जीभ फिरवत राहिली, गोंधळल्यासारखी.

‘‘नाना, हे गोड असायचं ना?’’

‘‘काय?’’

‘‘हे. हातावरचं.’’ तिने तळव्याकडे पाहिले. ‘‘गोड होतं. ते... ते वाळलेलं... काय म्हणतात त्याला?’’

ती शोधत होती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच ती काहीतरी शोधत होती. लंकाबाई नवऱ्याकडे पाहत होत्या. शब्द नानांना माहीत होता.

‘‘नाय, महाराजा,’’ ते म्हणाले. ‘‘पयल्यापासून कडूच व्हता.’’

‘‘हो का?’’ सृष्टी हसली. ‘‘देव बदला मग.’’